शकूची रेघ

शकू, तू गेलीस. येत्या रविवारी तुझा जलदान विधी आहे आणि विजयला तुझा फोटो हवा आहे. परवा मधल्या सुट्टीत तुझा हा धाकटा भाऊ शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. म्हणाला, "नलूताई, ताईचा एक धड फोटो नाही घरात. मामाच्या लग्नातला आहे, पण त्यात ती वीस वर्षांची. बुद्धाच्या अन् बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ठेवायला काहीतरी पाहिजे ना. तुम्ही एक चित्र काढून द्या. तुमच्याइतकं तिला कोणी बघितलंय?"

मी लगेच हो म्हटलं. माझी ही खोड तुला माहीत आहे. आधी हो म्हणायचं आणि मग घरी येऊन कपाळाला हात लावायचा.

दोन दिवसांत चार चित्रं काढली. एकही तू नाहीस. नाक तुझंच आहे, कपाळावरचा बारका व्रण आहे, मागे घट्ट ओढलेले केस आहेत. टीचर्स रूमच्या एकाच बाकावर बसून इतकी वर्षं जिच्याबरोबर डबा खाल्ला, तिचा चेहरा मला पाठ असायला हवा, आणि आहेही. पण पेन्सिल कागदाला टेकली की हात आपलंच घोडं दामटतो. दोन्ही गाल सारखे करतो, वळलेली मान सरळ करतो, हनुवटी बरोबर मध्यावर आणून ठेवतो. चित्रातली बाई छान दिसते, तब्येतीने ठणठणीत दिसते. अशी तू मला शेवटची कधी दिसलीस ते आठवतही नाही.

हे वळण आपल्याला लागलं ते ड्रॉइंग टीचरच्या कोर्सला. तुला तो मुक्तहस्तचित्राचा तास आठवतो का? कागदाच्या मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे अर्धी सुरई काढायची आणि मग उजवीकडे तिच्याशी हुबेहूब जुळणारी दुसरी अर्धी. सर पाठीमागून यायचे, आपल्या हातातली पेन्सिल काढून घ्यायचे आणि एका फटक्यात बाजू सारखी करून पुढे जायचे. एके दिवशी त्यांनी तुझ्या कागदाला हात घातला आणि तू म्हणालीस, "सर, सुरईच वाकडी आहे." खरंच होती. कुंभारवाड्यातून आणताना कुणाच्या तरी हातून चेपली होती. सर म्हणाले, "परीक्षकाला सुरई दिसत नाही, कागद दिसतो." मला ते पटलं. तुला पटलं नाही. बसस्टॉपपर्यंत आपण भांडत गेलो, आणि नाशिकरोडची बस येऊन तू चढलीस तरी खिडकीतून बोलतच होतीस.

पुढे दोघींना एकाच मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि ते भांडण शाळेतही आलं. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या आधी जादा तास असायचे. माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या चित्राला माझा हात लागलेला असे. जरा खोडलं, जरा दाबून काढलं, की मुलीही खूश आणि मीही. तू मुलीच्या रेघेला कधी शिवली नाहीस. कागदाच्या कोपऱ्यात छोटंसं वेगळं काढून दाखवायचीस आणि म्हणायचीस, "हे माझं. आता तुझं तू बघ." तुझ्या वर्गाचा निकाल माझ्यापेक्षा कमी लागायचा. मी तुला चिडवायचे आणि तू डब्यातली चटणी माझ्याकडे सरकवायचीस.

आणीबाणीच्या हिवाळ्यात तुला डब्याचं झाकण उघडेना. मी म्हटलं, "लग्नाआधीच हात दुखायला लागले तर सासरी कसं व्हायचं?" तू हसलीस. मला आजही त्या वाक्याची लाज वाटते. पंधरा दिवसांनी बोटं सुजली, मग मनगटं, मग गुडघे. डॉक्टर म्हणाले आमवात. तुझं वय तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस असेल. मला वाटायचं आमवात म्हाताऱ्यांना होतो, तेल चोळलं की जातो. मी तुला तेलाच्या बाटल्या आणून दिल्या. इतकंच मला करता आलं.

डॉक्टर दर महिन्याला विचारायचे, मागच्या महिन्यापेक्षा कसं आहे? आणि तुला सांगता यायचं नाही. दुखणं रोजचं, मोजायचं कशाने. म्हणून तू आरशासमोर बसलीस. देवळाली कॅम्पातल्या तुमच्या दोन खोल्यांत दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला एकच आरसा होता. लष्कराच्या तोफांचा सराव सुरू झाला की तो थरथरायचा आणि तू पेन्सिल खाली ठेवून थांबायचीस. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक चित्र. जुन्या परीक्षेच्या कागदांच्या पाठीवर. चेहरा, आणि चेहऱ्यासमोर धरलेला डावा हात. उजव्याने काढायचं आणि डाव्याने नमुना होऊन बसायचं, असं तू म्हणायचीस.

पहिली दोन-तीन तू मला दाखवलीस तेव्हा मी काय बोलले ते तू विसरली नसशील. म्हटलं, "स्वतःचं दुखणं काय काढत बसायचं, शकू? फुलं काढ. मन रमेल."

"डॉक्टरांचा केसपेपर डॉक्टरांकडे असतो," तू म्हणालीस, "हा माझा माझ्याकडे."

"आणि हात कशाला मध्ये? नुसता चेहरा काढलास तर कळायचंसुद्धा नाही."

"तेच म्हणते ना मी. कळायला नको का?"

तरी मी हट्ट सोडणारी नव्हे. दर महिन्याला तू कागद दाखवायचीस आणि दर महिन्याला मी तेच घेऊन बसायचे. गोळ्यांनी तुझा चेहरा सुजला, मान एका बाजूला धरली गेली, जबडा नीट उघडेना म्हणून हनुवटी सरकल्यासारखी दिसू लागली. तू ते सगळं काढलंस. कुठे रडगाणं नाही, कुठे कीव मागणं नाही. आपण वर्गात मडकं ठेवून बघतो तसं तू स्वतःला ठेवून बघत होतीस. मला ते बघवत नव्हतं, हे खरं कारण. मी ते कलेच्या भाषेत सांगत राहिले.

आता मला त्या गोष्टीकडे यायला हवं. चार वर्षं मी तिला वळसा घालत आले आणि आता ऐकायला तूच नाहीस.

दिल्लीत एशियाड भरलं त्या वर्षी मोठ्या बाईंनी तुला ऑफिसात बोलावलं. ज्या बाईंना खडू धरता येत नाही त्यांनी ड्रॉइंग कसं शिकवायचं, असा प्रश्न संस्थेच्या समितीत निघाला होता. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनीच वाट काढली. जिल्ह्यातल्या चित्रकला शिक्षकांचं प्रदर्शन भरणार होतं, समितीची माणसं ते बघायला येणार होती. तिथे तुमचं काम लावा, त्यांना दिसू दे, असं त्या म्हणाल्या. नोकरी गेली असती तर तू आणि आई कशावर राहिला असतात, हे मला ठाऊक होतं. विजय तेव्हा अजून शिकत होता.

तू सहा चित्रं निवडलीस. शेवटच्या वर्षभरातली. जुन्या साडीच्या धडप्यात बांधून माझ्याकडे दिलीस आणि म्हणालीस, "मला लावायला यायला जमायचं नाही. शेवटच्या दिवशी येईन. तू फक्त पुठ्ठ्यावर माउंट करून लाव." त्यातलं 'फक्त' तू जरा जोर देऊन म्हणालीस. मी ऐकलं होतं.

रविवारची दुपार होती. घरात कोणी नव्हतं. मी टेबलावर सहाही कागद पसरले. रेघ ठिकठिकाणी तुटत होती, थरथरत होती. गालाची कड सुरू व्हायची आणि मध्येच भलतीकडे जाऊन थांबायची. मला समितीची माणसं दिसू लागली. ती म्हणणार, यांचा हात गेला. मी खोडरबर घेतला. आधी एकाच गालाची कड. म्हटलं एवढीच, ही फारच तुटली आहे. ती सरळ झाल्यावर दुसरी बाजू वाकडी दिसायला लागली. मग हनुवटी. मग मान. मग बोटं, पण बोटं मी तशीच वाकडी ठेवली हो, तुझा आजार दिसायला हवा एवढं मला कळत होतं. नुसती रेघ स्वच्छ केली. दोन तासांत सहाही चित्रं झाली आणि मी चहा करून घेतला. मी स्वतःवर खूश होते, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

समिती आली, बघून गेली. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "हात अजून शाबूत आहे की हो त्यांचा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, मी तुला वाचवलं.

शेवटच्या दिवशी तू आलीस. रिक्षातून उतरून, आईच्या खांद्यावर भार टाकून, हॉलच्या चार पायऱ्या चढायला तुला किती वेळ लागला ते मी वरून बघत होते. तू पहिल्या चित्रासमोर उभी राहिलीस. मग दुसऱ्या. मी शेजारीच होते. सहावं झाल्यावर तू परत पहिल्याकडे गेलीस.

"चांगली आली आहेत," तू म्हणालीस. आवाज अगदी साधा. "पण ही मी नाही. ही तू आहेस, नलू."

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. त्यांनी तुझं सगळ्यांदेखत कौतुक केलं, समितीला काम फार आवडलं म्हणून सांगितलं, काळजी करू नका म्हणाल्या. तू माझ्याकडे बघितलंस. मग त्यांच्याकडे बघून म्हणालीस, "थँक्यू, मॅडम."

तुझी नोकरी वाचली आणि तुझ्या तोंडाला कुलूप लागलं. तक्रार करायचीही सोय मी ठेवली नव्हती. हे मला त्या क्षणी कळलं नाही. कळायला पुष्कळ दिवस लागले.

सोमवारी तू नेहमीसारखी बाकावर बसलीस. मी तुझ्या डब्याचं झाकण उघडलं, तू चटणी माझ्याकडे सरकवलीस. मी वाट बघत होते की तू भांडशील. आपण कशाकशावरून भांडलो होतो, तेव्हा यावरून तर तू मला फाडून खायला हवं होतंस. तू भांडली नाहीस, म्हणून मी माफी मागितली नाही. असं चार वर्षं चाललं. त्यातली पहिली दोन वर्षं तू शिकवलंस, बाकावर बसून, बोलून. फळ्यावर मुलीच काढायच्या. त्यांच्या रेघेला तू तेव्हाही हात लावला नाहीस, आणि आता लोकांना वाटायचं की तुला लावता येत नाही म्हणून. मग खुर्चीवरून उठणंच होईना तेव्हा तू राजीनामा दिलास.

त्यानंतर मी दर शनिवारी कॅम्पात यायचे. एकदा मी विचारलं, "हल्ली काढतेस का गं?" तू म्हणालीस, "नाही गं. हात कुठे चालतो." मी विश्वास ठेवला. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. आता कागद बघावे लागणार नव्हते.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात मी माफी मागायचं ठरवून दोनदा आले होते. तुला ताप होता, पण शुद्ध होती. तू म्हणालीस उशी जरा सरकव. मी सरकवली, मग थोडी वर घेतली, मग चादरीची चुणी काढली, मग पुन्हा उशी. तू डोळे मिटून म्हणालीस, "पुरे आता, नलू." मी हात काढून घेतला. तुझ्याशी बोलायचं होतं ते त्या 'पुरे'वर अडकलं. मग नर्स आली, मग भेटायची वेळ संपली. दुसऱ्या वेळी तू कुणाला ओळखत नव्हतीस.

आज सकाळी मी कॅम्पात गेले ते चित्र जमत नाही हे सांगायला. तुझी आई ओट्याशी बसली होती. मी सांगितलं, मावशी, मला ती काढता येत नाही. त्या उठल्या आणि तुझ्या कॉटखालून पत्र्याची पेटी ओढली. पेटीत कागद होते. वरपर्यंत.

"ही घे," त्या म्हणाल्या. "म्हयन्याच्या म्हयन्याला काढायची. बोटात धरवत नव्हतं तर मी फडक्यानं बांधून द्यायची कोळसा. लय दुखायचं तिला. पर सोडलं नाय."

"मावशी, मला कधी सांगितलं नाहीत."

"तिनंच नको म्हनून सांगितलं व्हतं. म्हनायची, आये, नलूला दावू नको. ती नीट करंल."

त्या रागाने बोलल्या नाहीत. मला टोचावं असा त्यांचा हेतूही नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं. मी पेटीशी बसले आणि वरचा कागद उचलला.

शकू, मी ते सगळे बघितले. प्रत्येक महिना. तुला पेन्सिल धरवेना तेव्हा तू चारकोल घेतलास, कारण त्याला जोर लावावा लागत नाही. रेघ कुठेतरी उमटते, संपते, बोटभर अंतर सोडून पुन्हा उमटते. कुठे डोळा म्हणून नुसता एक काळा ठिपका आहे. मधल्या जागेत तुला किती वेळ थांबावं लागलं असेल ते दिसतं. आणि तरी प्रत्येक कागदावर तूच आहेस, त्या महिन्यातली, मान जितकी वळली होती तितकी वळलेली. मी चार वर्षं समजत होते की आजार तू काढलेल्या वाकड्या बोटांत आहे, आणि ती तर मी तशीच ठेवली होती, मग माझं चुकलं कुठे? ती थरथर हाच तुझा हात होता. तो मी खोडरबराने पुसला आणि वर चहा प्यायले.

आता कोणाची माफी मागायची?

विजयने पेटीतलं शेवटचं चित्र बाहेर काढलं. गेल्या महिन्यातलं. दारापाशी उजेडात नेऊन धरलं. मग बिचकत म्हणाला, "हेच ठेवू. पण नलूताई, याला जरा हात लावाल का? तोंड फारच वाकडं वाटतंय. लोक येणार, बघणार."

मी नाही म्हटलं. तुझ्यासमोर जे कधी जमलं नाही ते त्या पोरासमोर जमलं. त्याला वाईट वाटलं, त्याने मान खाली घातली. मावशी आतून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रं. तिला आवडल तसंच ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, मी फक्त माउंट करून आणते.

घरी आले. हात धुतले. पेन्सिली, खोडरबर, सगळं टेबलावरून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवलं. माझा माझ्यावर भरवसा नाही. पुठ्ठा कापला, कडेने कागदी पट्टी लावली. मग जुन्या साडीत गुंडाळलेलं तुझं चित्र उघडलं आणि पुठ्ठ्यावर ठेवायला उचललं.

चारकोलवर फवारा मारून तो पक्का करावा लागतो, नाहीतर बोट लागलं की निघतो. इतकी वर्षं मुलींना मीच ओरडत आले. तुला फवारा मारणं कसं जमणार होतं? ते मी विसरले. कागद ठेवून हात काढला तेव्हा माझा अंगठा काळा होता आणि तुझ्या गालावर अंगठ्याएवढा डाग होता. तुझी एक रेघ त्याच्याखाली अर्धी गेली आहे.

डाग काढणं सोपं आहे. पावाचा मऊ तुकडा दाबला की निघेल. पण त्याबरोबर उरलेली रेघही निघेल, आणि मग ती मला काढावी लागेल.

मी नुसती बसून आहे, हात मांडीवर ठेवून. रविवारी लोक येतील, वंदना म्हणतील, तुझ्याकडे बघतील. शकू, या वेळी मी काही करायला गेले नव्हते गं. नुसतं उचलताना लागलं.